वडगावातलं जुनं घर, मालक 58 लाखांवर अडलाय; भाव कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या वडगावात 30 बाय 40 फुटांच्या जागेवरचं बैठं घर बघितलंय, मालक 58 लाखांवर अडून बसलाय, एजंट म्हणतो एक रुपया सुटणार नाही, आणि तुमचं हे पहिलंच घर. मी उद्यमबागेत नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी अनगोळमध्ये असंच जुनं घर कर्ज काढून घेतलं, त्यातून जे कळलं ते सांगतो.

तोंडातून आकडा काढायच्या आधी कागद बघा. निदान 30 वर्षांची ईसी, म्हणजे घरावर कुणाचं कर्ज-बोजा आहे का ते दाखवणारा दाखला, काढा: अलीकडची कर्नाटक सरकारच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून, जुन्या वर्षांची सब-रजिस्ट्रार कचेरीतून. ई-खाता, म्हणजे पालिकेचा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, कुणाच्या नावावर आहे, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर भावाबहिणींची नावं राहिलीत का, तेही बघा. खरेदीपत्र कन्नडमध्ये असेल तर एजंटनं वाचून दाखवलं एवढ्यावर जाऊ नका, आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. आमच्या ईसीत एका सोसायटीचा जुना बोजा निघाला. कर्ज कधीच फिटलेलं, बोजा तेवढा उतरवायचा राहिलेला. मालकांनाही पत्ता नव्हता. मी त्यावरून भाव पाडला नाही. "तेवढा उतरवून घ्या, मग संचकार (इसार) देतो," म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलायला लागले.

भिंतीला ओल आहे, फरशी फुटलीय, असं म्हणत भाव पाडायला तर अजिबात जाऊ नका. बेळगावच्या पावसात कुठल्या जुन्या घराला ओल नाही? आणि ज्यांनी तिथं पोरं वाढवली त्यांना ते लागतं. त्यापेक्षा त्यांना विकायचं का आहे ते समजून घ्या, आणि त्यासाठी एकदा एजंटला न घेता संध्याकाळी घरी जा.

आमचे मालक 46 लाख सांगत होते. सोप्यावर चहा घेताना विचारलं, "काका, इथनं कुठं जाणार?" म्हणाले, पुण्याला, मुलाकडं. आतनं काकूंचा आवाज आला, "नात आमच्याकडं शिकते, तिची दहावी होऊ दे की आधी." बाकीच्या गिऱ्हाइकांना ताबा लगेच हवा होता. माझी भाड्याची खोली होतीच, मला घाई नव्हती. मी म्हटलं, "बोजा उतरला की पाच लाख संचकार चेकनं देतो, करार रजिस्टर करू, खरेदी मे महिन्यात. तोवर निवांत राहा. मला 41 ला द्या." काका बराच वेळ रिकामी बशी फिरवत बसले, एकदा आत बघितलं आणि म्हणाले, "42." मी तिथंच हो म्हटलं. आणखी पन्नास हजार सुटलेही असते, पण मला त्या माणसाला ताणायचं नव्हतं.

आता तुमचा हिशेब. कर्नाटकात सरकारी दर आणि ठरलेला भाव यांतला जो जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क बसतं: 5 टक्के, वर सेस आणि सरचार्ज. नोंदणी फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झालीय. शहरात सगळं मिळून 7.6 टक्के, म्हणजे 58 लाखांवर जवळजवळ 4 लाख 40 हजार. हे बँक देत नाही, स्वतःच्या खिशातून घालावं लागतं. तेव्हा तुमची शेवटची रक्कम हे धरून आधी घरी कागदावर लिहून ठेवा. भाव 50 लाख किंवा वर गेला तर 1 टक्का टीडीएस (आयकर) मालकाच्या पैशातून कापून तुम्हालाच भरावा लागेल, हे त्यांना आधीच सांगा.

"कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख द्या" असं कुणीतरी म्हणेलच. नको म्हणा. कर्ज कागदावरच्या आकड्यावर मिळतं. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. मालकाला हे शांतपणे समजावलं की बहुतेक वेळा तो विषय मिटतो.

त्याच गल्लीत अलीकडं कुठलं घर कितीला गेलं, हे शेजारी सांगतील. बँकेच्या व्हॅल्युअरलाही विचारा. मालक घर कधी सोडणार, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते विचारून इथं लिहा, मग पहिला आकडा कितीचा टाकायचा ते मिळून ठरवू.