लॉस एंजेलिसला 'तेहरानजेलिस' का म्हणतात?

तेहरान आणि लॉस एंजेलिस जोडून झालेला हा शब्द. १९७९ च्या क्रांतीनंतर देश सोडलेली कितीतरी इराणी कुटुंबं इथे स्थिरावली. वेस्टवूड बुलेवार्डवर फारसी पाट्यांची दुकानं, कबाबाची हॉटेलं, केशर-गुलाबपाण्याचं आइस्क्रीम. मार्चमध्ये नवरोजला घरोघरी हफ्त-सीन मांडतात: 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. त्यात ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुरही असतात, अगदी आपल्या घटासारखे! तेराव्या दिवशी सगळं कुटुंब बागेत जातं आणि ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडतं.

मला मात्र त्यांचा नागरी सहभाग फार मोलाचा वाटतो. इराणमधल्या शिराझमध्ये जन्मलेले जिमी डेलशाद २००७ साली शेजारच्या बेव्हर्ली हिल्सचे महापौर झाले. त्या वर्षीच्या नगर परिषदेच्या निवडणुकीची मतपत्रिका फारसीतही छापली होती.