नियम नसले तर तरुणांचं काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय, नियम आणि शिस्त म्हणजे मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी घातलेलं कुंपण असेल, तर तरुणांनी ते का मानावं? प्रश्न रास्त आहे. पण मी मालवणच्या किनाऱ्यावर राहतो आणि इथे मला नेमकं उलटं दिसतं. बंदरावर "कायदा लावा, कारवाई करा" म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांत विशी-पंचविशीतली पोरं कमी नसतात. आणि नियमाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात त्या मोठ्या बोटींच्या मालकांच्या.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद ठेवायच्या. पर्ससीन जाळ्याला, म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याला, ठरावीक पट्ट्यात आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात मुभा. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला 2017 पासून केंद्राची बंदी. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलात, तर समुद्रात लांबवर झगझगाट दिसतो. त्या उजेडाला भुलून आजूबाजूचा मासा एका जागी गोळा होतो आणि पर्ससीन आख्खा थवा उचलून नेतं. सकाळी छोटी होडी घेऊन निघालेल्या पोराच्या जाळ्यात मग काय येणार? त्याच्याकडे ना मोठं इंजिन, ना भांडवल, ना वरच्या ओळखी. बोटमालकाचं नियमावाचून काही अडत नाही. या पोराच्या बाजूने बोलणारं मात्र नियमाशिवाय दुसरं कोणी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: नियम सुटले की मोकळीक सगळ्यांना सारखी मिळत नाही, ज्याचा हात लांब त्याला ती जास्त मिळते. आणि तरुणाचा हात, एखादा श्रीमंत बापाचा लेक सोडला, तर आखूडच असतो. हे समुद्रापुरतं नाही. स्पर्धा परीक्षेची गुणवत्ता यादी घ्या, वसतिगृहातली खोली घ्या, एसटीची रांग घ्या. रांग मोडली की पुढे कोण जातो ते आठवून बघा.

सगळे नियम सरकारच घालतं असंही नाही. आमच्याकडची रापण बघा. जाळं होडीतून अर्धगोलात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. कोणत्या संघाने कधी टाकायची याची पाळी ठरलेली. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. यातलं बरंचसं कागदावर नाही, पण भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाटे पडतात. दोराला हात लावलेल्या शाळकरी पोरालाही दोन मासे मिळतात आणि त्यासाठी त्याला कोणाच्या पाया पडावं लागत नाही. अर्थात रापणीवरून भांडणं होतात, नाही असं नाही. पण ती मिटतात, कारण भांडण कशावरून चाललंय हे दोघांनाही माहीत असतं.

दुसरी गोष्ट काळाची. सरंगा, म्हणजे तुमचं पापलेट, 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली गेली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पिल्लू धरलं तर आजचा पैसा आज मिळतो. पण आज साठीत असलेल्या मालकाला वीस वर्षांनी समुद्रात जायचं नाहीये, जायचंय ते आज विशीत असलेल्याला. ही बंधनं मोडली तर तोटा नेमका कोणाचा, ते तुम्हीच सांगा.

आता दुचाकीवरच्या नियमांचं. तरुणांना आपला जीव कळत नाही वगैरे बोलणं मला आवडत नाही. त्यांना धोका चांगला कळतो. 2005 साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटं असताना पोरं मोठ्यांपेक्षा फारशी बेफाम नव्हती. दोस्त बघायला उभे राहिले की धोका पत्करणं वाढलं, मोठ्यांत मात्र तसा फरक पडला नाही. महामार्गावर तिघं बसवून गाडी हाणणाऱ्यांकडे बघा, तेच दिसेल. अशा वेळी नियमाचा एक उपयोग असा, की नाही म्हणायला तोंड मिळतं. "भित्रा" म्हणवून घेण्यापेक्षा "पोलीस धरतील, बापाला पंचवीस हजार दंड होईल" म्हणणं सोपं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला तेवढा दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, हे 2019 पासून मोटार वाहन कायद्यात आहेच.

पण तुमच्या कुंपणातही तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. याच कोकणात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली आहेत. लग्न मनाविरुद्ध केलं, पालखीच्या मानावरून वाद घातला, की बोलणं बंद, दुकानातलं सामान बंद. तोही "नियम" म्हणूनच लादला जातो. त्याविरुद्ध राज्याला 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. गावकीचा नियम माणसाला गप्प बसवत होता, कायद्याच्या नियमाने त्याला तक्रार करायची सोय दिली. तेव्हा नियम म्हटला की मान डोलवा असं मी मुळीच म्हणणार नाही. तो कोणी केला, करणाऱ्यालाही लागू आहे का, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते का, एवढं विचारा. बंदीच्या काळात बोट काढणाऱ्या काकांनी पुतण्याला शिस्तीवर व्याख्यान दिलं, तर पुतण्या हसणारच.

राहता राहिलं "आमका कोण इचारता?" हे. मालवणीतलं हे वाक्य मी पोरांच्या तोंडून सारखं ऐकतो. अठरा पूर्ण झाली आणि गावच्या मतदार यादीत नाव असलं, की ग्रामसभेत बसायचा आणि बोलायचा हक्क मिळतो. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतला कमी आकडा पुरतो. कोकणातल्या कितीतरी गावांत तेवढीही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते, कारण पोरं मुंबईला. गणपतीला आले की पारावर बसून गावाचा कारभार कसा चालवावा ते सगळ्यांना सांगतात, आणि यादीत नाव मात्र विरार नाहीतर डोंबिवलीला.