अंगावर पाजतेय, पाळीही आली नाही, तरी दिवस जातील का?

हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. हो, जाऊ शकतात. अंडं आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर येते, त्यामुळे बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाळीची वाट बघत बसलात तर ती न येता थेट दिवसच राहिलेले असू शकतात. अंगावरच्या दुधाचा भरवसा धरता येतो, पण बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचंच दूध हवं, वरचं काही नाही. यातलं एक जरी सुटलं तरी भरवसा संपला.

आता जिच्याबद्दल सांगतेय ती पंचविशीची, जुन्नरकडची (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). बाळ ७ महिन्यांचं, नाचणीची पेज, वरणभात सुरू झालेला. नवरा चाकणला कंपनीत, तिथेच रूम करून राहतो, सुट्टी मिळेल तसा गावी येतो आणि जाताना हिच्या हातात ७२ तासांवाली गोळी देऊन जातो. हेच त्यांचं फॅमिली प्लॅनिंग. आली होती डोकेदुखीसाठी, डॉक्टरांनी बोलता बोलता विचारलं आणि कुटुंब नियोजनाचं समजावून सांगायला माझ्याकडे पाठवलं.

सोबत सासूबाई. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "पाळीच नाही तर कशाला काय पाहिजे? आणि तांबी तर अजिबात नको मॅडम, आमच्या भावकीतल्या एकीची वर काळजापर्यंत चढली होती." (तांबी म्हणजे गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी.) मी त्यांना म्हटलं, आत्या, बाळाला घेऊन जरा बाहेर बाकावर बसता का, इथे फार उकडतंय. हे मी प्रत्येक वेळी करते. सासू वाईट असते म्हणून नाही, पण सुनेला काही गोष्टी कोणासमोरच बोलता येत नाहीत, आईसमोरसुद्धा नाही.

एकटी झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यात चांगलं कोणतं असेल ते देऊन टाका." इथेच बायका फसतात. सगळ्यात चांगलं असं काही नसतं हो. कुणाला काय झेपतं ते बघावं लागतं, म्हणून मी उलट विचारत बसते. पुढचं मूल कधी हवंय? हे कधी येतात, आधी सांगून येतात का? रोज गोळी लक्षात राहील का, आणि ठेवणार कुठे? डोकं नेमकं कसं दुखतं?

डोकेदुखीचा प्रश्न उगाच नव्हता. ती म्हणाली, आधी डोळ्यांपुढे चमचम होतं, वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, मग अर्धं डोकं धरतं. आणि पिशवीतून तिने माला-एनचं पाकीट काढलं, जावेने दिलेलं, "तिला काही झालं नाही, तू पण घे" म्हणून. मी ते बाजूलाच ठेवायला लावलं. रोजच्या त्या गोळीत इस्ट्रोजन असतं, आणि अशी डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजनने मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा, म्हणजे लकव्याचा धोका वाढतो. जावेला चालली, हिला नाही चालत. बीपी वाढलेलं असेल तरी नाही, आणि बाळ ६ महिन्यांच्या आत अंगावर पीत असेल तरी नाही. गोळ्यांची पाकिटं साडीसारखी एकमेकींना देऊ नका, प्लीज.

७२ तासांवाल्या गोळीबद्दल तिच्या मनात वेगळीच भीती होती, की इतक्या घेतल्या, आता पुढे मूलच होणार नाही. तसं काही होत नाही. दूध पाजताना घेतली तरी चालते. पण ती अडीअडचणीची गोळी आहे, अंडं बाहेर पडणं पुढे ढकलते, अंडं आधीच पडून गेलेलं असलं तर तिचा काही उपयोग नाही, आणि जितका उशीर तितकी कमी चालते. दर सुट्टीला तिच्यावर राहणं म्हणजे जुगार.

मग बाकीचं समोर ठेवलं. छाया गोळी, लखनौच्या सीडीआरआयने (केंद्रीय औषध संशोधन संस्थेने) शोधलेली, तिच्यात हार्मोन नाही, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, दूध पाजताना चालते, पाळी मात्र लांबते कधी कधी. अंतरा इंजेक्शन दर ३ महिन्यांनी, पण ते सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागतात हे आधीच माहीत हवं, नाहीतर नंतर घरचे वांझपणाचं खापर फोडतात. छायावर ती जरा थांबली, मग स्वतःच म्हणाली, "आठवड्याचा वार मला नाही लक्षात राहायचा, बाळ रात्रभर जागवतं." बाळ बालवाडीत जाईपर्यंत दुसरं नको होतं तिला. मग राहिली तांबीच.

तर ते काळजात चढण्याचं. गर्भपिशवीतून काळजाकडे जायला वाटच नाही. हजारात एखाद्या बाईला बसवताना पिशवीला छेद जाऊन तांबी पोटात सरकू शकते, दूध पाजणाऱ्या बाईत ही शक्यता थोडी जास्त असते, हे मी लपवत नाही, म्हणूनच शिकलेल्या हातानेच बसवायची. त्यापेक्षा जास्त वेळा होतं ते म्हणजे तांबी आपोआप खाली निसटते, म्हणून पाळीनंतर तांबीचा दोरा बोटाला लागतो का ते बघायचं. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं. ५ वर्षांची असते, १० वर्षांची असते, पण हवी तेव्हा काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. १० वर्षं अडकून पडणार असं समजूनच निम्म्या जणी घाबरतात.

त्या दिवशी बसवली मात्र नाही. लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली, पण नवरा चार दिवसांपूर्वीच येऊन गेलेला आणि त्याच्या आधीही येऊन गेलेला, इतक्या लवकर टेस्टमध्ये काही कळत नाही. निरोधची पाकिटं दिली आणि ३ आठवड्यांनी परत बोलावलं, जमलं तर यांना घेऊन ये म्हटलं.

आला की तो. पोरगं सरळ होतं, लाजत लाजत विचारलं, "मित्र म्हणतात दोरा टोचतो." म्हटलं, दोरा मऊ पडतो, टोचलाच तर तिला घेऊन या, दोरा नीट करता येतो, तुम्ही काही ओढू नका. टेस्ट परत निगेटिव्ह, मग डॉक्टरांनी आतून तपासलं, सूज-इन्फेक्शन नाही बघून बसवली. ताप आला, घाण वासाचं पांढरं जायला लागलं, पोटात जोरात दुखलं किंवा दोरा लागेना, तर तारखेची वाट न बघता यायचं, हे दोघांना समोर बसवून सांगितलं.

महिन्याने आली तेव्हा म्हणाली, पाळी आली आणि खूप गेलं, सासूबाई म्हणतात काढून टाक. दुखण्याची गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, दोरा जागेवर होता. काढायची तर आत्ता काढू म्हटलं, पण तीच म्हणाली थांबते. सासूबाईंना मी गर्भपिशवीचं मॉडेल हातात दिलं, वरून बंद आहे ते बोट फिरवून बघितलं त्यांनी, पटलं असं नाही म्हणणार, पण विषय बंद केला.

नवऱ्याने मात्र निघताना विचारलं, दुसरं झालं की हिचं ऑपरेशन करायचं ना? मी म्हटलं, तुमचं का नको? बिनटाक्याची नसबंदी, भूल तेवढ्या जागेपुरती, त्याच दिवशी घरी, ताकद-बिकद काही जात नाही, फक्त नंतर ३ महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित बायका ऑपरेशनवर आणि पुरुष नसबंदी फक्त ०.३ टक्के. तो हसला, म्हणाला बघू. बायको म्हणाली, "बघू नाही, मी लिहून ठेवते."