शिबिर संपल्यानंतरचे काम

प्रश्न : आमचे तरुण मंडळ दरवर्षी गणेशोत्सवात मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरवते. तालुक्याहून डॉक्टर येतात, लोक मोठ्या संख्येने रक्तदाब आणि साखर तपासून घेतात, गोळ्याही वाटल्या जातात. तरीही गावात दर वर्षी कोणाला ना कोणाला अर्धांगाचा झटका येतोच. आमच्याकडे माणसे आहेत, थोडी वर्गणीही शिल्लक राहते. वर्षभर चालेल असे काय करता येईल?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मंडळाने उत्सवाचा पैसा या कामाकडे वळवला, ही गोष्ट मोलाची आहे आणि ती सोडू नये. मात्र शिबिरात आजार सापडतो, तो आटोक्यात येत नाही. वाढलेल्या रक्तदाबाची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षे, रोज घ्यावी लागते. शिबिरात मिळालेल्या पाच-दहा गोळ्या संपल्या आणि डोकेही दुखत नाही, म्हणून रुग्ण ‘आता बरे वाटते’ असे म्हणत औषध थांबवतो. झटका येतो तो नेमका अशा माणसाला.

म्हणून शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासूनचे काम मंडळाने हाती घ्यावे. १४०/९० किंवा त्याहून अधिक नोंद आलेल्यांची नावे एका वहीत उतरवावीत आणि आठवडाभरात त्यांची पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण मंडपात ध्वनिक्षेपक चालू असताना, तासभर रांगेत उभे राहून नुकत्याच खुर्चीत टेकलेल्या माणसाचा, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून घेतलेला रक्तदाब पुष्कळदा विनाकारण वाढलेला येतो. माणसाने पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर असावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी. एवढे पाळले तरी नोंद विश्वासार्ह होते. दुसऱ्यांदाही दाब वाढलेलाच आढळला, तर त्या व्यक्तीला आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करणे हे तेथील नेमून दिलेले कामच आहे आणि औषधेही तेथे विनामूल्य द्यायची असतात. यानंतरचे काम सर्वांत साधे आणि सर्वांत कठीण आहे. या महिन्याची गोळी कोणी नेली नाही, हे वहीत पाहून त्याच्या घरी जायचे आणि का नेली नाही, ते विचारायचे. कोणी ऊसतोडीला गेलेले असेल, कोणाला उपकेंद्रात दोनदा औषध मिळाले नसेल. पहिल्याला जाताना पुढील महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारता येईल. दुसऱ्याची तक्रार मंडळाने लेखी द्यावी, कारण एकट्या रुग्णाचे म्हणणे ऐकले जात नाही, मंडळाचे ऐकले जाते. वही मात्र दोघा-तिघांच्याच हाती असावी. कोणाला कोणता आजार आहे, याची चर्चा पारावर झाली, तर पुढच्या वर्षी शिबिराला कोणी येणार नाही.

या पद्धतीला आपल्याच राज्यात मोठा आधार आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा केवळ दवाखाना उघडून गावांचे आरोग्य सुधारणार नाही, हे त्यांनी ओळखले. लोकांची पहिली गरज पाणी आणि अन्न ही होती, म्हणून कूपनलिका, मुलांचे वजन आणि पोषण यांपासून आरंभ झाला. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित समाजातल्या स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्या नियमितपणे जामखेडला येत, नवे काही शिकत, गावातल्या अडचणी मांडत आणि परत जाऊन तेच शेजारणींना सांगत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो या कामासाठी. आपल्याही गावात वही सांभाळणारी व्यक्ती गावातलीच, शक्य तर स्त्री असावी. दुपारच्या वेळी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन बोलू शकेल अशी.

प्रश्न : गावात आशाताई आहेत, पण त्या डॉक्टर नाहीत. आम्हाला गावात पूर्णवेळ डॉक्टर हवा, अशी मागणी ग्रामसभेत करावी का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मागणी अवश्य करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पद भरले जाणे हा आपला हक्क आहे. परंतु आशाताईंचे काम दुय्यम समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ते उबदार ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार सुरू करणे, ही कामे त्या करू लागल्या. १९९३–९५ या काळात तेथे दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. १९९७–९८ मध्ये ते प्रमाण २५.५ वर आले. डॉक्टर गावात राहत नसतानाही ती बाळे वाचली, याचा विचार प्रत्येक ग्रामसभेने करावा. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांमागे हाच अनुभव आहे.

तेव्हा डॉक्टरांच्या मागणीबरोबरच ग्रामसभेत आणखी काही प्रश्न विचारावेत. आशाताईंच्या पेटीत ओआरएसची पाकिटे, झिंकच्या गोळ्या, चालू स्थितीतला तापमापक आहे का? त्यांचा मोबदला थकला आहे का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिला मिळालेला अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्च करता येणारा पैसा, कशावर खर्च झाला? हिशेब मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. खराब तापमापकासाठी आशाताईंना स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागत असेल, तर ती गावाची उणीव आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बऱ्याच जणींचे हिमोग्लोबिन कमी आहे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते आणि शौच काळे होते, म्हणून त्या बंद केल्या. बीट खाल्ले तर चालेल का?
— एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : बीट जरूर खावे, पण त्याच्या रंगावरून समज झाला आहे तेवढे लोह त्यात नसते. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर गोळ्यांना पर्याय नाही. शौचाचा काळा रंग निरुपद्रवी आहे. मळमळ होत असल्यास गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू-पाणी असावे आणि त्याच्या तासभर आधी व नंतर चहा टाळावा, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. मोड आलेली मटकी, पालेभाज्या आणि चालत असल्यास अंडी-मटण स्त्रियांच्या ताटातही पुरेसे असावे. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत असेल, तर तिच्याबद्दल गटात मोकळेपणाने बोलले पाहिजे.

गटाने एक करावे. ज्यांचे हिमोग्लोबिन चांगले आहे, त्यांना प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकच गोळी लागते; ती सर्वांनी साप्ताहिक बैठकीत, हप्ता जमा करतानाच, एकत्र घ्यावी. ज्यांचे कमी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी किमान तीन महिने चालू ठेवावी आणि बैठकीत किती गोळ्या चुकल्या, ते सांगावे. महिन्याभरानंतर पुन्हा रक्त तपासावे. तरीही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर पाळीतील जादा रक्तस्राव, जंत किंवा सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) यांसाठी पुढील तपासणी ग्रामीण रुग्णालयात करून घ्यावी.