कोल्ड एअर इनटेक लावल्याने गाडीची पॉवर खरंच वाढते का?

तुम्ही विचारलंय की १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षं जुनी, पुण्यातच चालते. दुकानदार म्हणतोय अठरा हजारांचा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि पाइप लावा, दहा बीएचपी (इंजिनच्या ताकदीचं माप) वाढेल. लावावा का?

माझं उत्तर 'नको' असं आहे. पण केवळ माझ्या शब्दावर थांबू नका. इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप, बदलून तुमच्या गाडीत जास्तीत जास्त किती वाढ होऊ शकते, हे तुम्ही स्वतः मोजू शकता आणि त्याला पाचशे-सातशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही. मी चौदा वर्षं भोसरीत इंजिन टेस्टिंगचं काम करतो. असा इनटेक माझ्याच गाडीला सव्वा वर्ष लावून वापरलाय, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आधी थोडा हिशेब. तुमचं इंजिन साधारण ८३ बीएचपीचं असणार. दहा बीएचपी वाढ म्हणजे बारा टक्के. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, म्हणजे बारा टक्के जास्त ताकद हवी तर सिलिंडरमध्ये जवळपास बारा टक्के जास्त हवा शिरायला हवी. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारं कुणी नसतं. पिस्टन खाली जातो आणि बाहेरच्या हवेचा दाब ती आत लोटतो, इतकंच. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो. पुणे ५६० मीटर उंचीवर, म्हणून इथे तो ९५ च्या आसपास. म्हणजे तीच गाडी मुंबईपेक्षा पुण्यात पाच-सहा टक्के कमी ताकद देते, आणि कुठलाही पाइप ही तूट भरून काढू शकत नाही. बाहेरच्या ९५ पैकी वाटेत जेवढं हरवतं, त्यातलं थोडं वाचवणं एवढंच इनटेकच्या हातात आहे.

ते किती हरवतं हे असं बघा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (इंजिनची माहिती वाचायची जागा) लावायचा ब्लूटूथ डोंगल मिळतो, तो घ्या. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरच्या आधीच्या नळीतला हवेचा दाब), इनटेक एअर टेंपरेचर (आत येणाऱ्या हवेचं तापमान), थ्रॉटल पोझिशन (हवेची झडप किती उघडी आहे) आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असे चार आकडे लावा. पहाटे बोपदेव घाटाच्या पायथ्याशी जा. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर वाचा, तो बाहेरच्या हवेचा दाब. हा आकडा घरी घेऊ नका, कारण दर शंभर मीटर चढाईला तो एक किलोपास्कलहून थोडा जास्त उतरतो. मग मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ५,५०० आरपीएमपर्यंत न्या. रेकॉर्डिंग अ‍ॅपला करू द्या, तुमची नजर रस्त्यावरच हवी. नंतर बघा, थ्रॉटल पूर्ण उघडं असताना शेवटी दाब किती होता. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी (ती झडप जिच्यात बसते तो भाग) यांनी मिळून खाल्लेला दाब.

माझ्या गाडीत तो ९५ वरून ९२ वर आला होता. सगळं मिळून तीन किलोपास्कल, म्हणजे जेमतेम तीन टक्के. नवा इनटेक लावल्यावर ९३ झाला. फायदा एका टक्क्याचा, पाऊण-एक बीएचपी! बाकीचे दोन थ्रॉटल बॉडीपाशीच जात होते. त्यापुढचं नुकसान सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट आणि व्हॉल्व्हचं, तिथे इनटेक पोचतच नाही. दहा बीएचपी द्यायचे तर दुकानदाराला तुमच्या गाडीत दहा-बारा किलोपास्कल हरवलेले दाखवावे लागतील. कंपनीचा फिल्टर चोंदलेला नसेल तर ते सापडायचे नाहीत.

हा एक टक्का मिळाला तो पहाटेच्या घाटात. दुपारी दीडला स्वारगेटच्या सिग्नलला तोच उलटा फिरतो. कंपनीचा एअर बॉक्स बंद असतो आणि त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळ, बाहेरची हवा घेणारं असतं. खरं म्हणजे 'कोल्ड एअर इनटेक' तुमच्या गाडीत पहिल्या दिवसापासून आहे. उघडा कोन फिल्टर मात्र बॉनेटखालची, रेडिएटरने तापवलेली हवा ओढतो. एप्रिलमध्ये माझ्या गाडीत हवेचं तापमान जुन्या बॉक्सबरोबर ४४ दिसायचं, कोन फिल्टरबरोबर ६३. हवा दहा अंश तापली की घनता तीन टक्क्यांच्या वर घटते, म्हणजे इथे सहा टक्के गेले. शिवाय तापलेल्या हवेत नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो, ते वेगळंच. गाडी वेगात आली की हे तापमान उतरतं हे खरं, पण शहरात वेग मिळतो किती वेळ?

मग लावणारे सगळे 'पिकअप वाढला' का म्हणतात? ते खोटं बोलत नाहीत. कंपनीच्या पाइपला जोडलेले प्लॅस्टिकचे डबे, म्हणजे रेझोनेटर, इंजिनचा श्वासाचा आवाज दाबायला असतात. किटबरोबर ते निघतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी गुरगुरते. मलाही ती जास्त चपळ वाटली होती. मग तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला लागणारा वेळ आधी आणि नंतर पाच-पाच वेळा मोजला, सरासरीत फरक पडला नाही. आवाजच आवडत असेल तर तसं ठरवून घ्या, पण मग पैसे आवाजाचे देताय हे माहीत असू द्या.

मायलेजचंही तेच. रोजच्या रहदारीत थ्रॉटल अर्धवट बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये चाळीस-पन्नास किलोपास्कलच असतात. इतकी मोठी अडवणूक आपला पायच करत असतो, तिथे फिल्टरचा अर्धा-एक किलोपास्कल काय फरक पाडणार? अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेज जवळपास हललं नाही, पिकअप मात्र कमी झाला.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती धूळ. चौदा महिन्यांनी मी कोन फिल्टर काढला आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या पाइपमध्ये पांढरा कपडा फिरवला. कपड्यावर करडी, बोटाला खरखरीत लागणारी धूळ आली. ती फिल्टरमधून आरपार गेलेली होती. खोदलेले रस्ते, बांधकामं, वाघोलीकडची खडी, यातून आपल्या हवेत उडते ती दगडाची भुकटी. तिच्यातले क्वार्ट्झचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते ऑइलच्या थरात अडकले की रिंग आणि सिलिंडर घासत राहतात. गाडी लगेच काही बोलत नाही, दोन-तीन वर्षांनी ऑइल प्यायला लागते. कुठल्याही फिल्टरची खरी परीक्षा हवा किती सोडतो यापेक्षा धूळ किती अडवतो यात आहे. त्यासाठी आयएसओ ५०११ ही चाचणी आहे. दुकानदाराला तिचा रिपोर्ट मागा. तेल लावायच्या कापडी फिल्टरमध्ये आणखी एक त्रास असतो: तेल जास्त झालं की एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं.

पावसाळ्याचंही सांगतो. काही किटमध्ये थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या खाली, चाकाजवळ बसवतात. पुण्यात पुलाखाली आणि नदीकाठच्या रस्त्यांवर पाणी कसं साचतं हे तुम्ही बघताच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

इनटेकचा खरा उपयोग होतो तो टर्बो गाड्यांत, रीमॅप करून (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलेला असेल आणि मूळ पाइप कमी पडायला लागला असेल तेव्हा. रेसिंगच्या इंजिनातही, जिथे कॅमपासून एक्झॉस्टपर्यंत सगळंच बदललेलं असतं. तिथेही बंद बॉक्सवाला घ्यावा. मूळ मॅपवरच्या टर्बोत ईसीयू ठरलेलं बूस्ट गाठतोच, त्यामुळे फार काही हाती लागत नाही. आणि डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) आलेख कुणी दाखवला तर बॉनेट उघडं होतं का, समोर मोठा पंखा होता का, आधीची आणि नंतरची चाचणी एकाच दिवशी झाली का, हे विचारा.

तुम्ही सध्या कंपनीचा तीन-चारशेचा कागदी फिल्टर बदला आणि स्पार्क प्लग बघून घ्या. गाडी चढावर ओढत नसेल तर क्लच घसरतोय का आणि ब्रेक धरून राहतोय का हेही तपासा. मग घाटात जाऊन ते आकडे घ्या. बंद इंजिनचा दाब, ५,५०० ला पूर्ण थ्रॉटलवरचा दाब आणि दुपारच्या सिग्नलवरचं हवेचं तापमान, हे तीन इथे लिहा. तुमच्या गाडीत काही शिल्लक आहे का, ते मी त्यावरून सांगेन.