तुमचे प्रश्न : दिवसा पैठणी, रात्री गेम

प्रश्न : आमचं पैठणीचं दुकान आहे. साड्यांचे फोटो मीच एडिट करून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि रात्री गेम खेळतो. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, बजेट २५ हजार. दुकानदार २७ इंची, फुल एचडी, २४० हर्ट्‌झचा कर्व्ह्ड व्हीए मॉनिटर घ्या म्हणतो. घेऊ का? (एक वाचक, पैठण)

उत्तर : नका घेऊ. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याने फक्त तुमची रात्र बघितली. २७ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल; पदरावरचा मोर दातेरी दिसणार. त्याच आकारात क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४०, घेतलं की १०९ मिळतात. व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीएचा काळा रंग खरंच गडद असतो (कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१). पण कडेने पाहिलं की त्याचे रंग उतरतात, आणि स्वस्त व्हीएत अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट शेपूट राहते.

तुमच्या बजेटात २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्‌झचा मॉनिटर बसतो. तोच बघा. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ६० हर्ट्‌झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९, हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. १६५ वरून २४० वर गेल्याने जेमतेम २ मिलिसेकंद वाचतात, आणि जड गेममध्ये तेवढ्या फ्रेम तुमचं कार्ड काढणारही नाही. क्यूएचडीत पिक्सेल सुमारे ७८ टक्के वाढतात, त्यामुळे काही गेमची सेटिंग हायवरून मीडियमवर आणावी लागेल.

खरी मेख रंगात आहे. खोक्यावर ‘९५ टक्के डीसीआय-पी३’ वाचून खूश होऊ नका; तो सिनेमासाठीचा मोठा रंगपट्टा. फोनवर, वेबवर फिरणारे बहुतेक फोटो एसआरजीबी या लहान रंगपट्ट्यात असतात. मोठ्या पट्ट्याच्या पॅनेलला आवर घातला नाही तर ते फोटोतल्या रंगांचे तेच आकडे स्वतःच्या भडक लालावर नेऊन बसवतो. राणी रंग डोळ्यांत खुपतो, म्हणून तुम्ही सॅच्युरेशन उतरवता आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर तीच साडी दहा वेळा धुतल्यासारखी दिसते. मग पार्सल परत. यावर उपाय म्हणजे मॉनिटरच्या मेनूतला एसआरजीबी मोड. तो आहे का, आणि त्यात ब्राइटनेस बदलता येतो का, हे दुकानात बटण दाबून बघा. काही मॉनिटरमध्ये तो मोड लावला की ब्राइटनेस कुलूपबंद होतो. खोक्यावर एनटीएससीचा (जुन्या टीव्हीच्या रंगपट्ट्याचा) आकडा असेल तर ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्क्यांवाल्याला हात लावू नका.

‘१ एमएस’च्या पुढे एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ दिसत राहतं) लिहिलंय की जीटीजी (पिक्सेलला एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ), तेही वाचा. एमपीआरटीचा आकडा बहुधा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो. तो मोड लावला की पडद्याचा उजेड कमी होतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला लवकर बदलायला लावणारी सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. शेवटच्या पायरीवर वस्तूमागे फिकट कडा उमटतात. एचडीआर ४०० ची (जास्त उजळ-गडद चित्राच्या दाव्याची) पट्टी सोडून द्या, त्यासाठी जास्तीचे पैसे नकोत.

घरी आल्यावर एडिटिंगच्या वेळी नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी विंडोजची सेटिंग) बंद करा. मग पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी साधा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. कारखान्यातून आलेला मॉनिटर बहुतेक वेळा फार उजळ असतो. त्यावर बेतलेले फोटो इतरत्र काळवंडतात. जरीची चमक मात्र मॉनिटरच्या हातात नाही, ती फोटो काढतानाच्या लाइटची गोष्ट.

प्रश्न : १६५ हर्ट्‌झचा क्यूएचडी मॉनिटर घेतला, पण फरक जाणवत नाही. काळा रंगही राखाडी दिसतो. मॉनिटर खराब आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बहुधा नाही. आधी केबल कुठे लावली ते बघा. मदरबोर्डच्या पोर्टात असेल तर काढून ग्राफिक्स कार्डाला लावा, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची वापरा. बऱ्याच मॉनिटरचं एचडीएमआय १४४ वरच थांबतं. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट १६५ करा. विंडोज बरेचदा ६० वरच बसून राहतं. राखाडी काळ्याचं कारण वेगळं : एचडीएमआयवर कार्डाला कधी समोर टीव्ही आहे असं वाटतं आणि ते काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतं. कार्ड एनव्हीडियाचं असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रेझोल्यूशन’खाली आउटपुट डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा.

प्रश्न : उन्हाळ्यात खोली भट्टी होते, लाइट सारखी जाते. मॉनिटरला काय जपावं? (एक वाचक, परभणी)

उत्तर : बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि आपला मे महिना ते ऐकत नाही. मागच्या जाळीला भिंत चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. कुलरचा झोत थेट पडद्यावर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळले की पांढरे डाग बसतात. पुसायला मायक्रोफायबर कापड आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर, तेही कापडावर, पडद्यावर नाही. २७ इंची मॉनिटर ३० ते ५० वॉटच खातो, खरा भार पीसीचा. ६०० व्हीएचा (इथे व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, पॅनेल नव्हे) यूपीएस साधारण ३६० वॉट देतो आणि बॅटरी जुनी झाली की गेम चालू असताना आडवा होतो. १००० व्हीएच्या आसपासचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचं मागचं बटण यूपीएस मोडवर (लाइट जाताच पटकन बॅटरीवर जाणाऱ्या) आहे ना, तेवढं बघून घ्या.