वहीत खाडाखोडच नव्हती

"मॅडम, याचं डोकं गंजेल हो! काही अडलं की हा पहिला त्या एआयला विचारतो." ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन बसता बसताच सुजाताताईंनी सुरुवात केली. शेजारी ओम, दहावीतला, सेमी इंग्रजी. नजर स्वतःच्या बुटांवर. (दोघांची नावं बदलली आहेत.)

चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं. तोवर माझ्याकडे पालक यायचे ते गेम्स आणि रील्सची तक्रार घेऊन. आता महिन्यातून तीन-चार जण तरी हीच काळजी घेऊन येतात, म्हणून ही एक केस सविस्तर लिहिते.

कळव्याच्या या घरात मोबाइल काढून घ्यायचा प्रयोग आधीच झाला होता. चार दिवस टिकला. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, क्लासच्या नोट्सही तिथेच, त्यामुळे फोन परत द्यावा लागला. वडील म्हणत होते, फोडून टाकतो. आईला खुपत होतं ते वेगळंच. गृहपाठाला रोज 'छान' असा शेरा मिळत होता आणि बीजगणिताच्या घटक चाचणीत मात्र २० पैकी ४.

मी ओमची वही मागितली. मोत्यासारखं अक्षर, शेवटच्या उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. पंधरा-वीस पानं उलटली, पण कुठे एक खोडलेली ओळ नाही, समासात आकडेमोड नाही. वर्गसमीकरणं पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाची वही अशी असत नाही. त्याच्याच वहीतलं एक सोपं उदाहरण मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं : एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य. त्याने ते खाली पुन्हा उतरवून काढलं, पेनाचं टोपण दोनदा लावलं, काढलं. पुढे काही नाही. ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच येते असे दोन आकडे शोधायचे, एवढंच होतं. वहीत हेच गणित त्याने सात ओळींत 'सोडवलं' होतं.

आईंना बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं, "सरांना का नाही विचारत?"

"वर्गात साठ पोरं आहेत मॅडम. सर एकदा सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की मागचे हसतात." मग जरा थांबून म्हणाला, "आणि आईला विचारलं तर म्हणते, एवढं साधं येत नाही? हा कितीदा विचारलं तरी चिडत नाही."

आळशीपणाचं निदान आई-वडिलांनी घरूनच करून आणलं होतं. माझ्यासमोर बसला होता तो प्रश्न विचारायची लाज वाटणारा मुलगा. न चिडणारा मास्तर पंधराव्या वर्षी कोणाला नको असतो? खरं सांगायचं तर मलाही हवा होता.

सुजाताताईंशी नंतर एकटीने बोलले. त्यांना म्हटलं, तुमची भीती खोटी नाही. तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, २०२४ साली त्याचे निष्कर्ष समोर आले. ज्यांना चॅटजीपीटीसारखा साधा एआय चॅट वापरू दिला, त्यांनी सराव ४८ टक्के चांगला केला. पण परीक्षेत तो काढून घेतल्यावर ती मुलं, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. गंमत म्हणजे आपलं शिकणं कमी झालंय असं त्यांना वाटतही नव्हतं. तिसऱ्या गटाला दिलेला चॅट शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला होता : सरळ उत्तर द्यायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. त्या मुलांचं हे नुकसान बहुतेक टळलं.

"म्हणजे फोन द्यायचाच?" त्यांचा स्वर दुखावलेला.

"तुमच्या दहावीला गाईड होतं का?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "होतं ना. भूमितीची प्रमेयं तर सरळ उतरवून काढायचे."

गाईडमधून उतरवताना निदान हात तरी दुखायचा, हा माझा आपला लाडका युक्तिवाद. पण रोग तोच, जुना.

ओमशी ठरलं ते असं. पहिली वीस मिनिटं फोन स्वयंपाकघरात, फ्रिजवर. वहीत फक्त पेन चालेल, खोडरबर नाही. जिथे अडेल तिथे गोल करायचा. मग फोन घेऊन त्या गोलापुरतंच विचारायचं आणि आधी बजावायचं : उत्तर देऊ नकोस, पुढची एकच पायरी सुचव. ती कळली की फोन पुन्हा फ्रिजवर आणि तशाच दुसऱ्या गणिताला हात घालायचा. सुजाताताईंना दिलेलं काम जास्त कठीण होतं. 'एवढं साधं' हे दोन शब्द महिनाभर उच्चारायचे नाहीत आणि रविवारी ओमकडून एक गणित शिकून घ्यायचं.

पहिला आठवडा फुकट गेला. वीस मिनिटांत पठ्ठ्याने वहीत फुटबॉलचं मैदान काढलं होतं आणि गोल केले होते ते गोलपोस्टसमोर! मी वीसची दहा मिनिटं केली. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो आपणहून वही पुढे करून म्हणाला, "मॅडम, हे बघा, हा चुकला." मशीनने पदं दुसऱ्या बाजूला नेताना वजाचं चिन्ह तसंच ठेवलं होतं. हे चॅट मुळात पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, त्या अंदाजावर वाक्य रचत जातात, त्यामुळे चूकही अगदी ठामपणे सांगतात. हे मी त्याला आधी दोनदा सांगितलं होतं. ऐकल्यासारखं केलं होतं त्याने. स्वतः चूक पकडली त्या दिवशी मात्र आख्ख्या पानावर लाल गोल फिरवून आला.

सहामाहीला ४० पैकी १९ मिळाले. वडिलांच्या मते हे कमीच, आणि फोनबद्दलचं त्यांचं मत अजून बदललेलं नाही. सुजाताताईंनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला : तीन ओळी खोडलेल्या, समासात गुणाकार, कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात पूर्ण वर्ग पद्धतीचं एक गणित आणि त्यावर ओमने मारलेली फुली.

हिंदीचे निबंध तो अजूनही मशीनकडूनच लिहून घेतो. ते परवा त्यानेच कबूल केलं. पुढच्या गुरुवारी त्यावर बसायचंय.